होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर १९०९ – २४ जानेवारी १९६६) हे भारतीय सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांना भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे जनक मानले जाते. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि ट्रॉम्बे (तुर्भे) येथील अणुशक्ती केंद्र, म्हणजेच आताचे भाभा अणुसंशोधन केंद्र, या दोन्ही संस्थांची उभारणी त्यांच्या पुढाकाराने झाली.

सर्वसामान्य वाचकांना भाभा हे अणुभट्ट्या आणि संशोधन संस्था उभारणारे प्रशासक म्हणून परिचित आहेत. कणभौतिकीत मात्र त्यांचे नाव इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीत घडणाऱ्या एका प्रक्रियेला दिलेले आहे. ‘भाभा प्रकीर्णन’ या नावाने ओळखली जाणारी ही प्रक्रिया इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरमध्ये (आघातयंत्रात) टकरींचे प्रमाण ठरवण्यासाठी मानदंड म्हणून वापरतात. हिग्ज बोसॉनचे इतर कणांशी असलेले युग्मन भावी कोलायडरमध्ये अचूक मोजायचे झाल्यास त्या मोजमापालाही याच प्रक्रियेचा आधार लागणार आहे.

जन्म आणि कुटुंब

भाभा यांचा जन्म मुंबईतील एका सुशिक्षित व संपन्न पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील जहांगीर होर्मसजी भाभा हे वकील होते. आईचे नाव मेहेरबाई. आजोबा होर्मसजी भाभा हे म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. होमी यांच्या आत्याचा, मेहेरबाई यांचा, विवाह उद्योगपती सर दोराबजी टाटा यांच्याशी झाला होता. त्यामुळे टाटा कुटुंबाशी त्यांचा बालपणापासून निकटचा संबंध होता. धाकटे बंधू जमशेद भाभा यांनी पुढे मुंबईत राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राची (एनसीपीए) उभारणी केली. घरातील ग्रंथसंग्रह आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका यांमुळे होमी यांना लहानपणीच वाचनाची, संगीताची व चित्रकलेची गोडी लागली. त्यांनी विवाह केला नाही.

शिक्षण

भाभा यांचे शालेय शिक्षण मुंबईच्या कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळेत झाले. त्यानंतर एल्फिन्स्टन महाविद्यालय व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकून ते १९२७ मध्ये इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठाच्या गॉनव्हिल अँड कीझ महाविद्यालयात दाखल झाले. त्यांनी अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची व सर दोराबजींची इच्छा होती. केंब्रिजमध्ये मात्र भाभा यांचा कल सैद्धांतिक भौतिकीकडे वळला. यंत्र अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्यास गणिताच्या शिक्षणाचा खर्च देण्याचे वडिलांनी मान्य केले. १९३० मध्ये भाभा यांनी ती अट पूर्ण केली आणि १९३२ मध्ये गणिताची ट्रायपॉस परीक्षाही प्रथम श्रेणीत उत्तीर्ण केली.

पॉल डिरॅक त्या काळी केंब्रिजमध्ये होते, आणि त्यांच्या पुंजयामिकीवरील कार्याचा भाभा यांच्यावर मोठा प्रभाव पडला. शिष्यवृत्त्यांच्या आधारे भाभा यांनी झुरिक येथे वोल्फगांग पाउली आणि रोम येथे एन्रिको फेर्मी यांच्याकडे काम केले, तसेच कोपनहेगन येथील नील्स बोर यांच्या संस्थेत काही काळ घालवला. विश्वकिरणांच्या शोषणासंबंधीचा त्यांचा पहिला शोधनिबंध १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना १९३५ मध्ये डॉक्टरेट दिली.

भाभा प्रकीर्णन

पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनाइतकेच वस्तुमान परंतु विरुद्ध विद्युत्‌भार असलेला कण आहे. डिरॅक यांच्या सिद्धांतातून त्याचे भाकीत निघाले होते आणि १९३२ मध्ये अमेरिकेतील कार्ल अँडरसन यांना तो विश्वकिरणांत आढळला. त्याचे नेमके स्वरूप काय, हा प्रश्न त्यानंतरही काही काळ चर्चेत होता. डिरॅक यांच्या कल्पनेनुसार ऋण ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या सागरातील रिकामी जागा म्हणजे पॉझिट्रॉन. ही कल्पना खरी असेल, तर पॉझिट्रॉनावर आदळणारा इलेक्ट्रॉन आणि त्या सागरातील इलेक्ट्रॉन हे एकाच जातीचे कण ठरतात. मग त्यांच्या अदलाबदलीचा परिणाम गणितात धरावा लागतो. पॉझिट्रॉन हा सर्वस्वी स्वतंत्र कण असेल, तर असा परिणाम धरण्याचे कारण उरत नाही.

दोन इलेक्ट्रॉनांच्या टकरीचे गणित डेन्मार्कचे ख्रिस्तियन म्योलर यांनी १९३२ मध्ये मांडले होते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे गणित भाभा यांनी १९३५ मध्ये पूर्ण केले. त्यांचा निबंध १९३६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. दोन कण एकमेकांना विद्युत्‌चुंबकीय प्रेरणेने ढकलून किंवा ओढून मार्ग बदलतात, ही टकरीची एक रीत. अदलाबदलीमुळे येणारी अतिरिक्त संख्या दुसऱ्या रीतीची निदर्शक आहे, असे भाभा यांनी दाखवले. त्या रीतीत इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन परस्परांचा नाश करतात आणि त्या ऊर्जेतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनाची नवी जोडी निर्माण होते. कण वेगवान असल्यास हा भाग दुर्लक्षित करण्याइतका लहान नसतो, हेही त्यांच्या गणितातून स्पष्ट झाले. दोन्ही रीती एकत्र धरल्यावर टकरीनंतर कण कोणत्या कोनात किती प्रमाणात जातील, याचे जे सूत्र मिळते, त्याला आज भाभा प्रकीर्णनाचे सूत्र म्हणतात.

हे गणित केले गेले त्या वेळी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आणून आदळवणारे यंत्र अस्तित्वात नव्हते. तशा प्रकारचे पहिले छोटे यंत्र इटलीतील फ्रास्काती येथे १९६१ मध्ये उभे राहिले.

विश्वकिरणांचा वर्षाव

अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणात शिरल्यावर एकाच वेळी असंख्य कणांचा वर्षाव होताना दिसतो. त्याचे स्पष्टीकरण भाभा यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये दिले. त्याच सुमारास अमेरिकेत जे. एफ. कार्लसन आणि रॉबर्ट ओपेनहायमर यांनीही स्वतंत्रपणे तसेच स्पष्टीकरण दिले. अतिवेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना फोटॉन उत्सर्जित करतो. त्या फोटॉनापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनाची जोडी निर्माण होते आणि ते दोघे पुन्हा फोटॉन उत्सर्जित करतात. अशा रीतीने टप्प्याटप्प्याने कणांची संख्या वाढत जाते व प्रत्येकाच्या वाट्याला येणारी ऊर्जा कमी होत जाते. शेवटी वर्षाव ओसरतो.

या सिद्धांताचा आणखी एक महत्त्वाचा परिणाम झाला. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अशा रीतीने लवकर संपत असेल, तर शिशाच्या जाड थरांतूनही पार जाणारे विश्वकिरणांतील कण इलेक्ट्रॉन असू शकत नव्हते. ते इलेक्ट्रॉनाहून जड पण प्रोटॉनाहून हलके कण असावेत, या निष्कर्षाला त्यामुळे बळकटी आली. पुढे हे कण म्यूऑन या नावाने ओळखले गेले. अस्थिर कण अतिवेगाने जात असताना सापेक्षता सिद्धांतानुसार त्याचे आयुष्य वाढलेले दिसेल आणि विश्वकिरणांत हा परिणाम तपासता येईल, असे भाभा यांनी १९३८ मध्ये सुचवले. मध्यम वस्तुमानाच्या कणांसाठी ‘मेसॉन’ हे नाव रूढ होण्यातही त्यांचा वाटा आहे.

बंगळूर येथील वर्षे

भाभा १९३९ मध्ये सुटीसाठी भारतात आले असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्यांचे केंब्रिजला परतणे राहून गेले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. भाभा तेथे प्रपाठक म्हणून रुजू झाले. सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने त्यांनी तेथे विश्वकिरण संशोधन विभाग सुरू केला. १९४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य (फेलो) निवडले गेले, आणि १९४२ मध्ये त्यांना केंब्रिज विद्यापीठाचे ॲडम्स पारितोषिक मिळाले. युद्ध संपल्यावर युरोपातील एखाद्या विद्यापीठात परत जाण्याचा विचार त्यांनी याच काळात सोडून दिला.

टाटा मूलभूत संशोधन संस्था

मूलभूत भौतिकीच्या उच्च संशोधनासाठी भारतात स्वतंत्र संस्था असावी, असा प्रस्ताव भाभा यांनी मार्च १९४४ मध्ये सर दोराबजी टाटा न्यासाचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्राने कळवला. अणुशक्तीपासून वीज निर्माण करता येईल अशी वेळ येईल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा त्यामागील एक हेतू होता. अणुबॉम्बची माहिती जगाला होण्यापूर्वी सव्वा वर्षाहून अधिक काळ आधी त्यांनी हा विचार मांडला होता.

न्यासाच्या मान्यतेनंतर १ जून १९४५ रोजी बंगळूर येथे संस्थेचे काम सुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आली. पुढे ती गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत हलली. कुलाबा येथील सध्याच्या वास्तूची कोनशिला पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १९५४ मध्ये बसवली आणि तिचे उद्‌घाटनही १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते झाले. गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे संस्थेत आरंभी आलेल्या संशोधकांपैकी होते. अणुऊर्जेच्या प्रश्नावर पुढे कोसंबी आणि भाभा यांच्यात मतभेद झाले. अणुशक्तीपेक्षा सौरऊर्जा भारताला अधिक उपयुक्त ठरेल, असे कोसंबी यांचे मत होते.

विश्वकिरणांचे संशोधन संस्थेत चालू राहिले. भाभा यांच्या सूचनेवरून कोलार येथील सोन्याच्या खाणींत खोलवर जाऊन म्यूऑनांची मोजणी करण्यात आली. त्याच खाणींत दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर १९६५ मध्ये ब्रिटिश व जपानी संशोधकांच्या सहकार्याने वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा आढळल्या. संगणकाची भारतातील आरंभीची बांधणीही याच संस्थेत झाली.

अणुऊर्जा कार्यक्रम

स्वातंत्र्यानंतर ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये केंद्र सरकारचे अणुऊर्जा खाते निर्माण होऊन ते त्याचे सचिव झाले. त्याच वर्षी ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर ट्रॉम्बे येथे अणुशक्ती केंद्राच्या उभारणीस आरंभ झाला. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे ‘अप्सरा’ ही आशियातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिचा आराखडा व बांधणी भारतीय अभियंत्यांची होती, तर इंधन ब्रिटनकडून मिळाले होते. कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली ‘सायरस’ अणुभट्टी १९६० मध्ये सुरू झाली.

भारतात युरेनियमचे साठे मर्यादित आहेत, परंतु थोरियम विपुल आहे. हे लक्षात घेऊन भाभा यांनी तीन टप्प्यांचा कार्यक्रम आखला. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या अणुभट्ट्या, दुसऱ्यात त्यांतून मिळणाऱ्या प्लुटोनियमवर चालणाऱ्या प्रजनक अणुभट्ट्या आणि तिसऱ्यात थोरियमचा वापर, असे त्याचे स्वरूप होते. भारतातील पहिला अणुवीज प्रकल्प तारापूर (तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर जिल्हा) येथे उभारण्याचा निर्णय त्यांच्या कारकिर्दीत झाला. त्यातून वीजनिर्मिती त्यांच्या मृत्यूनंतर, १९६९ मध्ये सुरू झाली. अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये जिनिव्हा येथे भरवलेल्या पहिल्या परिषदेचे अध्यक्षपद भाभा यांनी भूषवले.

या कार्यपद्धतीवर टीकाही झाली. संशोधनाचा मोठा निधी विद्यापीठांऐवजी सरकारच्या अखत्यारीतील मोजक्या संस्थांकडे जातो आणि अणुऊर्जेचे काम गुप्ततेच्या आवरणाखाली चालते, असा आक्षेप मेघनाद साहा यांनी घेतला होता. स्वतः भाभा यांचे संशोधनही प्रशासकीय जबाबदाऱ्या वाढत गेल्या तसे मागे पडले. १९५० नंतरच्या काळात त्यांचे शोधनिबंध कमी होत गेले.

मृत्यू

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्ना येथे जात असताना २४ जानेवारी १९६६ रोजी भाभा यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग विमान जिनिव्हा येथे उतरण्याच्या तयारीत असताना मॉन्ट ब्लांक पर्वतावर आदळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. पर्वतापासून विमान नेमके कोठे आहे, याबाबत वैमानिक आणि नियंत्रक यांच्यात झालेला गैरसमज अपघातास कारणीभूत ठरला, असा निष्कर्ष चौकशीत काढण्यात आला. भाभा यांच्यानंतर विक्रम साराभाई अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि एम. जी. के. मेनन टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक झाले.

कोलायडरमधील उपयोग

कोलायडरमध्ये एखादी प्रक्रिया किती वेळा घडली, हे मोजणे पुरेसे नसते. ती घडण्याची संधी किती वेळा आली, हेही माहीत असावे लागते. या संधीच्या मापाला ‘ल्युमिनॉसिटी’ म्हणतात. ती ठरवण्यासाठी अशी प्रक्रिया लागते, जी विपुल प्रमाणात घडते आणि जिचे प्रमाण सिद्धांतावरून अत्यंत अचूक काढता येते. भाभा प्रकीर्णन या दोन्ही कसोट्यांना उतरते. कणांचा मार्ग अगदी थोड्या कोनातून बदलणाऱ्या टकरी फार मोठ्या संख्येने होतात, आणि त्यांचे गणित मुख्यतः विद्युत्‌चुंबकीय प्रेरणेवर अवलंबून असते. अशा टकरींची मोजलेली संख्या व सिद्धांताने दिलेले प्रमाण यांवरून ल्युमिनॉसिटी मिळते. कोनात किंचित फरक पडला तरी टकरींची संख्या बरीच बदलते, म्हणून हे कण टिपणाऱ्या उपकरणांच्या कडांचे स्थान मिलीमीटरच्या काही सहस्रांश भागांपर्यंत माहीत असावे लागते.

जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत १९८९ ते २००० या काळात २७ किलोमीटर परिघाचा ‘लेप’ हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडर चालू होता. तेथील चारही प्रयोगांत ल्युमिनॉसिटी भाभा प्रकीर्णनावरून मोजली जात असे. त्यांपैकी एल-३ या प्रयोगात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग होता. लेपवरील मोजमापांतून हलक्या न्यूट्रिनोंच्या प्रकारांची संख्या २.९८४ आली आणि तिची अनिश्चितता ०.००८ होती. अपेक्षित ३ पेक्षा ती किंचित कमी होती. ही तूट एखाद्या अज्ञात परिणामाची खूण असावी का, असा प्रश्न अनेक वर्षे राहिला. आदळणाऱ्या कणपुंजांच्या विद्युत्‌क्षेत्रामुळे प्रकीर्णित कणांचे मार्ग किंचित वाकतात, हे २०१९ व २०२० मध्ये गणितात धरले गेले आणि भाभा प्रकीर्णनाचे सैद्धांतिक प्रमाणही सुधारले गेले. त्यानंतर ही संख्या २.९९६३ झाली आणि तूट जवळपास नाहीशी झाली. ल्युमिनॉसिटीत सुमारे एक हजारांश भागाची चूक राहिल्याने हा प्रश्न निर्माण झाला होता.

हिग्ज बोसॉनची कल्पना १९६४ मध्ये, भाभा हयात असताना मांडली गेली. तो कण ४ जुलै २०१२ रोजी सर्नमध्ये सापडल्याचे जाहीर झाले. त्याचे वस्तुमान सुमारे १२५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. प्रचलित सिद्धांतानुसार मूलकण जितका जड, तितके त्याचे हिग्जशी युग्मन प्रबळ असते. हे भाकीत तपासण्यासाठी निरनिराळ्या कणांशी हिग्जचे युग्मन स्वतंत्रपणे मोजावे लागते. लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये टॉप क्वार्क, बॉटम क्वार्क आणि टाऊ लेप्टॉन यांच्याशी हिग्जचे युग्मन २०१८ पर्यंत दिसून आले, आणि २०२० मध्ये म्यूऑनांशी असलेल्या युग्मनाचा पुरावा पुढे आला.

या यंत्रात प्रोटॉन आदळतात, त्यामुळे तेथील ल्युमिनॉसिटी दुसऱ्या पद्धतीने काढतात. भाभा यांच्या वर्षाव सिद्धांताचा मात्र तेथेही उपयोग होतो. दर हजार हिग्ज बोसॉनांपैकी जेमतेम दोन बोसॉनांचे दोन फोटॉनांत रूपांतर होते. सीएमएस प्रयोगात हे फोटॉन शिसे व टंगस्टन यांच्या संयुगाच्या सुमारे ७६ हजार स्फटिकांनी टिपले जातात. भाभा आणि हाइटलर यांनी वर्णिलेला वर्षाव त्या वीस-पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या स्फटिकांत घडतो आणि त्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून फोटॉनाची ऊर्जा कळते. याच प्रयोगातील हॅड्रॉन ऊर्जामापकाच्या बाह्य भागाच्या उभारणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा महत्त्वाचा वाटा आहे.

लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये हिग्जची निर्मिती आणि त्याचे रूपांतर यांचा एकत्रित परिणाम मोजला जातो. त्यामुळे काही गृहीतके धरल्याशिवाय युग्मनांची निरपेक्ष मूल्ये मिळत नाहीत. प्रस्तावित इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरमध्ये हिग्ज बोसॉन झेड बोसॉनाबरोबर निर्माण होईल. आदळणाऱ्या कणांची ऊर्जा माहीत असल्याने झेड बोसॉनाचे मोजमाप करून उरलेला हिस्सा हिग्जचा आहे, हे त्याचे रूपांतर कशात झाले ते न पाहताही ओळखता येईल. अशा घटनांची संख्या आणि ल्युमिनॉसिटी यांवरून हिग्ज आणि झेड यांचे युग्मन थेट मिळेल. इतर युग्मनांची मूल्येही त्याच्या आधाराने ठरतील. ही ल्युमिनॉसिटी लघुकोनी भाभा प्रकीर्णनाने मोजण्याची योजना आहे. सिद्धांतापासूनचे अपेक्षित विचलन एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही लहान असू शकते. म्हणून या सूत्रातील सूक्ष्म दुरुस्त्या अधिकाधिक अचूक काढण्याचे काम अद्याप चालू आहे.

सन्मान आणि स्मारके

भारत सरकारने भाभा यांना १९५४ मध्ये पद्मभूषण या सन्मानाने गौरवले. ट्रॉम्बे येथील अणुशक्ती केंद्राला १९६७ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि अणुशक्तीनगर येथील होमी भाभा राष्ट्रीय संस्था यांनाही त्यांचे नाव आहे. मुंबईतील विज्ञान शिक्षकांच्या संघटनेतर्फे सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेतली जाते. मलबार हिल येथील ‘मेहरांगीर’ या त्यांच्या निवासस्थानाचे स्मारक व्हावे अशी मागणी होती. परंतु २०१४ मध्ये त्या वास्तूचा लिलाव झाला आणि पुढे ती पाडण्यात आली. जानेवारी २०१७ मध्ये भारत सर्न या संघटनेचा सहयोगी सदस्य झाला.